फी माफ असली तरी वकीलपत्र पक्कं हवं

वाचकाचं पत्र

जय ख्रिस्त. पुण्याच्या पूर्व भागातल्या एका जुन्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, मी सेक्रेटरी आहे. शाळेतून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षीच्या निवडणुकीत कमिटीवर आले. कपाटातल्या फायली काढल्यावर कळलं की धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी विश्वस्त म्हणून अजून जुनी सात नावं आहेत आणि त्यातले पाच जण केव्हाच प्रभूकडे गेले. मधल्या दोन कमिट्यांचे, विश्वस्त बदलल्याचं कळवणारे चेंज रिपोर्ट नुसते पडून आहेत, आमचा तर दाखलच झालेला नाही. त्यातच आवारातल्या आउटहाउसच्या भाडेकरूने आमच्यावर मनाई हुकमाचा दावा लावला, समन्स येऊन दहा दिवस झाले.

मंडळीतले दोन तरुण वकील फी न घेता काम करायला तयार आहेत. त्यातला एक माझ्याबरोबरच कमिटीत आहे. दुसरी मुलगी आमच्या निवडणुकीत निवडणूक अधिकारी होती. तिचे सीनियर मंडळीबाहेरचे, हिंदू आहेत. तेही ‘सेवा म्हणून बघतो’ म्हणाले. कमिटीत मात्र चार तोंडं चार दिशांना. कोणी म्हणतं फुकटचा वकील तारखेला उगवत नाही. कोणी म्हणतं देवाच्या घरचं काम आहे, त्यात खर्चाची भाषा कशाला? बाहेरच्या माणसाला देवळाचे, म्हणजे आमच्या चर्चचे, कागद दाखवायला दोघांचा विरोध आहे. आणि आमचे सर्वांत वडीलधारे सभासद म्हणतात, विश्वासणाऱ्याने कोर्टाची पायरी चढूच नये. शिवाय उपासना सुटली की सभासद या दोघांना घेरून घरगुती भानगडी विचारतात, म्हणून तरुण संघाला दर महिन्याला कायदा मदत केंद्र सुरू करायचंय. मी काय करू? वकिलांना काही मानधन द्यावं का? आणि या तिघांचे आभार उपासनेत मानावेत का?

उत्तर

सेक्रेटरीताई, जय ख्रिस्त.

मदत जरूर घ्या. कशी घ्यायची ते सविस्तर लिहिते, पण सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे, ती आधी. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्टाच्या परवानगीने ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते, पण वाढ मिळेलच असं गृहीत धरू नका. त्याहून जवळचा धोका निशाणी पाचचा आहे. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज येतो त्याला कोर्टात निशाणी पाच म्हणतात. त्यावर तुमचं म्हणणं वेळेत गेलं नाही तर भाडेकरूचं एकट्याचं ऐकून हुकूम होऊ शकतो. वकील फुकट घ्यावा की पैसे देऊन, यावर कमिटी महिनाभर चर्चा करत बसली आणि तारीख निघून गेली, तर ते नुकसान भरून काढायला पुढे फार धावपळ करावी लागते.

तेव्हा आजच लखोट्यातले सगळे कागद बाहेर काढा आणि प्रतिवादी म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. मयत विश्वस्तांची नावं टाकली असतील तर त्यांचे मृत्यूचे दाखले गोळा करायला लागा, कारण ही गोष्ट कोर्टाला सांगावी लागेल. दप्तरी असलेले दोन विश्वस्त हयात आहेत, हे तुमचं नशीब समजा. त्यांच्या घरी स्वतः जा. त्यांना सगळं समजावून वकीलपत्रावर त्यांच्या सह्या घ्या. ते थकले असतील, कमिटीवर रुसलेही असतील, तरी जा. कागदोपत्री आज विश्वस्त तेच आहेत. विश्वस्त संस्थेच्या वतीने दावा लढवायचा तर साधारणपणे दप्तरी असलेल्या सगळ्या विश्वस्तांची नावं लागतात, आणि तुमची निवड कितीही रीतसर झाली असली तरी तुमचं नाव अजून त्या दप्तरात चढलेलं नाही. नव्या कमिटीला दाव्यात कसं आणायचं, ते वकील ठरवतील.

आता फुकटच्या वकिलाबद्दल. पैसे न देता घेतलेलं काम दुय्यम असतं, ही समजूत कायद्याच्या धंद्यात तरी सोडून द्यावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की ज्याला खरोखर वकिलाची गरज आहे त्याला पैसे देता येत नसले तरी मदत मिळाली पाहिजे, आणि स्वतःच्या ऐपतीत राहून अशी मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. फी घेतली नाही म्हणून जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. अशिलाचं नुकसान होईल असा हलगर्जीपणा केला तर फी न घेणाऱ्यालाही बार कौन्सिलपुढे उभं राहावं लागतं. तुमच्या मंडळीला सरकारी मोफत वकील मिळायचा नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातली पात्रतेची यादी व्यक्तींसाठी आहे, त्यात संस्था बसत नाहीत. त्यामुळे या तिघांनी जे देऊ केलं आहे ते तुम्हाला एरवी विकतच घ्यावं लागलं असतं. त्याचा मान राखा, आणि मान राखायचा म्हणजे त्यांना नीट अशील मिळवून द्यायचं.

हे अशील कोण, इथेच बहुतेक देवळांची गाडी अडते. पाळकसाहेब म्हणतात वकील माझा, सेक्रेटरी म्हणते मी फोन केला म्हणून आला, आणि ज्या सभासदाने ओळख काढली तो रोज रात्री फोन करून केसची चौकशी करतो. महिन्याभरात वकिलाकडे एकाच प्रश्नावर तीन माणसांच्या तीन सूचना जमा होतात. तुमच्या दाव्यात अशील आहे विश्वस्त संस्था. पाळक नाहीत, तुम्ही नाही, मागच्या निवडणुकीत जिंकलेला गटही नाही. म्हणून कमिटीची बैठक रीतसर नोटीस काढून बोलवा आणि ठराव करा: अमुक दावा आणि अमुक चेंज रिपोर्ट यासाठी अमुक वकिलांची विनाशुल्क नेमणूक, त्यांना सूचना देण्याचा अधिकार फक्त अमुक दोघांना, आणि तडजोडीचा किंवा दावा काढून घेण्याचा निर्णय कमिटीच्या बैठकीशिवाय होणार नाही. त्याच मजकुराचं एक पानी पत्र वकिलांना द्या. कोणतं काम ते करणार, कोणतं नाही, अपिलात गेलं तर काय, हे त्यात असू द्या. फी नाही म्हणून हे पत्र अनावश्यक वाटेल. उलट फी नसली की दोन्ही बाजूंना गृहीत धरायची सवय लागते, म्हणून ते जास्त गरजेचं.

आता तुमच्या दोन तरुण वकिलांकडे येते. इथे तुम्हाला थोडं वाईट वाटेल. जो वकील तुमच्याबरोबर कमिटीत आहे तो या कामात मंडळीच्या वतीने कोर्टात किंवा धर्मादाय आयुक्तांपुढे उभा राहू शकत नाही. बार कौन्सिलचा नियम आहे की एखाद्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर असलेल्या वकिलाने त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध, कोर्टात किंवा कोणत्याही प्राधिकरणापुढे, वकील म्हणून उभं राहू नये. मंडळाला पंचायत म्हणा, पास्टोरेट कमिटी म्हणा, नावाने फरक पडत नाही. ‘मी तर फी घेत नाही’ हे उत्तरही चालत नाही. विनाशुल्क कामाची सूट त्या नियमात आहे, पण ती वकिलांच्या संघटना आणि बार कौन्सिलपुरती. देवळाला ती लागू नाही. समोरच्या वकिलाने हा मुद्दा काढला तर मंडळीची बाजू राहील बाजूला आणि त्या मुलाचीच चौकशी सुरू होईल.

त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. कमिटीचा राजीनामा देऊन वकीलपत्र घ्यायचं, किंवा कमिटीत राहून वकीलपत्र दुसऱ्याकडे द्यायचं. माझं मत विचाराल तर त्याने कमिटीतच राहावं. सभासदांनी मतं देऊन त्याला निवडलं आहे, आणि ज्या कमिटीत एकाला तरी नोटीस, रोजनामा आणि ऑर्डर वाचता येते तिच्याकडून निम्म्या चुका होतच नाहीत. मघाशी म्हटलं त्या दोन सूचना देणाऱ्यांपैकी एक तो असावा, दुसऱ्या तुम्ही.

मुलीची गोष्ट वेगळी. ती कमिटीत नाही, त्यामुळे भाडेकरूच्या दाव्यात तिने खुशाल वकीलपत्र घ्यावं. चेंज रिपोर्टमध्ये मात्र घेऊ नये. समजा मागच्या कमिटीतल्या कोणी हरकत घेतली की ही निवडणूक बेकायदा झाली; मतदार यादी कशी केली, अर्ज कधी छाननीला घेतले, मतमोजणीला कोण हजर होतं, हे सांगायला निवडणूक अधिकारीच साक्षीला लागणार. आणि ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं वाटण्यासारखं कारण आहे ते वकिलाने घेऊ नये, असाही नियम आहे. म्हणून चेंज रिपोर्टचं वकीलपत्र तिच्या सीनियरांच्या नावाने असावं. ते मंडळीबाहेरचे आहेत, कोणाला मत दिलं नाही, कोणाच्या लग्नात जेवले नाहीत. हरकतीच्या प्रसंगी हीच त्यांची जमेची बाजू.

तुमच्या कमिटीतल्या दोघांचा विरोध नेमका यालाच आहे, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट आणि दाखवलेला कागद वकील अशिलाच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. आधीच्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ मध्ये आहे. वकिलाचा धर्म कोणता आणि फी घेतली का, हे त्या कलमात कुठे विचारलेलं नाही. बेकायदा हेतूसाठी केलेल्या संभाषणाला तेवढं हे संरक्षण नाही, आणि तुम्हाला त्याची काळजी करायचं कारण नाही. देवळाच्या कागदांना खरा धोका बाहेरच्या वकिलापासून नसतो. मूळ कागद कोणाकडे दिला, त्याची पावती घेतली का, हे कोणीच लिहून न ठेवल्यामुळे ते गहाळ होतात. म्हणून मूळ कागद कपाटाबाहेर जाऊ देऊ नका, झेरॉक्स द्या, आणि कोर्टात मूळ दाखल करायची वेळ आली तर कोणत्या तारखेला कोणता कागद गेला याची वहीत नोंद करून सही घ्या.

कागद कोणते, तेही सांगते. सर्वांत आधी शेड्यूल वनचा ताजा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत तुमची संस्था आज जशी आहे तसा. ढोले पाटील रोडवरच्या कार्यालयात अर्ज करून त्याची सर्टिफाइड नक्कल मिळते. ती हातात आली की एका जागी शांत बसून वाचा. विश्वस्तांची नावं, ते कसे नेमले जातात ती पद्धत आणि स्थावर मिळकतीचं वर्णन, असे रकाने असतात. आउटहाउसची नोंद मिळकतीच्या रकान्यात आहे का ते बघा. नसेल तर तोही एक बदल आहे आणि तोही कळवावा लागेल. जागा पेठेच्या हद्दीत असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. कॅन्टोन्मेंटमध्ये असेल तर जनरल लँड रजिस्टरचा उतारा लागेल, कारण तिथल्या कित्येक जागा जुन्या लष्करी अनुदानाच्या आहेत आणि देवळाचा हक्क नेमका किती, ते त्या उताऱ्यातूनच कळतं. ट्रंकेच्या तळाशी मोडीत लिहिलेलं खरेदीखत किंवा भाडेचिठ्ठी निघाली तर रद्दी समजू नका. मोडी वाचणारी माणसं पुण्याला परकी नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर वाचून देणारं कोणी ना कोणी भेटेल.

चेंज रिपोर्ट विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्यातल्या कलम २२प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. तुमचा उशीर झाला आहे, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि उशिराचं खरं कारण लिहा. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, निवडणुकीचे कागद, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, आधीच्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, एवढं जमवावं लागेल. मधल्या दोन कमिट्यांचे रिपोर्ट का अडलेत ते आधी शोधा. बहुतेक वेळा कोणाची तरी संमती जोडलेली नसते किंवा तारखेला कोणी फिरकलेलं नसतं. मधली कडी तुटलेली ठेवून शेवटचीच कडी जोडायला गेलात तर प्रकरण रेंगाळतं. ही दाखले आणि संमतीपत्रं गोळा करायची पायपीट वकिलांवर टाकू नका, ते तरुण संघाचं काम. वारलेल्या पाच विश्वस्तांच्या घरी जाऊन, जुन्या सुनांशी आणि नातवंडांशी बोलून कागद मिळवायला तुमच्या मुलामुलींइतकं दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

पैशाचं बोलायला देवळात संकोच वाटतो, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. फी माफ आहे, खर्च माफ नाही. कोर्ट फी, समन्सचा भत्ता, नकला, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, धर्मादाय कार्यालयातली फी हे सगळं मंडळीनेच करायचं. तरुण वकील लाजेपायी स्वतःच्या खिशातून भरत राहतात आणि पाच-सहा तारखांनंतर त्यांचा फोन लागेनासा होतो. त्यात त्यांचा काय दोष? ‘देवाचं काम, खर्च कसला’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना बायबलमधलं पौलाचं तीताला लिहिलेलं पत्र वाचून दाखवा. तिसऱ्या अध्यायात शेवटी जेनास नावाच्या एका कायदेपंडिताचा उल्लेख आहे, आणि पौल तीताला सांगतो की त्याला वाटेला लावताना कशाची उणीव पडू देऊ नकोस. खजिनदारांनी या प्रकरणासाठी थोडी उचल बाजूला काढून ठेवावी, पावत्या घ्याव्यात आणि खर्च हिशोबात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा. विश्वस्त संस्थेचं ऑडिट होतं, तिथे पावतीशिवाय दिलेला रुपया उद्या तुमच्याच अंगाशी येतो.

मानधनाचं विचारलंत. द्यायचं असेल तर ती फी आहे असं मानून ठराव करून, चेकने, हिशोबात दाखवून द्या. लखोट्यातून हळूच नको. आणि ‘जिंकलो की मग बघू’ असला करार चुकूनही करू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना बंदी आहे. नाताळात त्यांच्या घरी करंज्या आणि केक पाठवायला कोणाची ना नाही.

‘फुकटचा वकील तारखेला उगवत नाही’ या तक्रारीवरचा उपाय तुमच्याच हातात आहे. दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या ॲपमध्ये टाका. पुढची तारीख कोणती, मागच्या तारखेला काय झालं, हे तुम्हाला घरबसल्या दिसेल. प्रत्येक तारखेला सूचना देणाऱ्या दोघांपैकी एकाने शिवाजीनगरला कोर्टात हजर राहावं. वकिलावर पाळत ठेवायला नव्हे. न्यायाधीशांनी काही विचारलं, तडजोडीचा विषय निघाला, तर तिथल्या तिथे उत्तर द्यायला अशील लागतो. आणि एखाद्याला खरंच वेळ देता येत नसेल तर त्याने तसं मोकळेपणी सांगावं, तुम्ही आभार मानून मोकळं करावं. नवा वकील घेताना जुन्याची ना-हरकत लागते, म्हणून संबंध तुटेपर्यंत ताणू नका.

तुमच्या वडीलधाऱ्या सभासदांचा आक्षेप मला मोलाचा वाटतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या सहाव्या अध्यायाचा त्यांना आधार आहे आणि भावाभावांतले तंटे मंडळीतच मिटावेत हे खरंच आहे. पण चेंज रिपोर्ट हा कोणावर केलेला दावा नाही, सार्वजनिक विश्वस्त म्हणून कायद्याने घातलेलं काम आहे. भाडेकरूच्या दाव्यात तुम्ही गेलेला नाहीत, तुम्हाला बोलावलं आहे. आणि त्याच पौलाने आपल्यावर खटला चालला तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली, हे प्रेषितांच्या कृत्यांत पंचविसाव्या अध्यायात आहे. त्यांच्या म्हणण्यातला जो भाग घेण्यासारखा आहे तो असा की भाडेकरूशी बोलणं बंद करू नका. जिल्हा न्यायालयात मध्यस्थी केंद्र आहे, प्रकरण तिकडे पाठवा अशी विनंती करता येते. आधी कैफियत दाखल करा, मग मध्यस्थीला बसा. तिथे एका गोष्टीचं भान ठेवा. ‘दहा वर्षं राहू द्या, मग सोडतो’ असा प्रस्ताव आला तर पाळकसाहेब किंवा कमिटी जागेवर हो म्हणू शकत नाही. विश्वस्त संस्थेची बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. मंजुरीशिवाय केलेली तडजोड पुढच्या कमिटीसाठी नवं भांडण होऊन बसते.

राहिलं तरुण संघाचं मदत केंद्र. कल्पना चांगली आहे, पण भाडेकरूच्या दाव्यात कैफियत जाईपर्यंत थांबा. त्या दोघांना दोन्ही ओझी एकदम पेलणार नाहीत. सुरू कराल तेव्हा सल्ला हॉलमध्ये, दार लोटून, एका वेळी एका माणसाला द्या. उपासनेनंतर अंगणात घोळक्यात उभं राहून घटस्फोटाची आणि मृत्युपत्राची चर्चा होते, ती बंद व्हायला हवी. आज नवऱ्याला सल्ला दिला आणि पुढच्या रविवारी बायको आली तर तिला तोच वकील सल्ला देऊ शकत नाही, हे आधीच सगळ्यांना सांगा. छोट्या मंडळीत हा प्रसंग पहिल्या महिन्यातच येतो. आणि केंद्रातून स्वतःसाठी पक्षकार गोळा होत नाहीत ना, याची खबरदारी वकिलांनी घ्यायची. वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे व्यासपीठावरून ‘अमुक वकिलांना भेटा’ अशी घोषणा नको आणि मंडळीच्या पत्रिकेत त्यांचं कार्डही नको. ‘कायदा मदत केंद्र, वेळ अमुक’ एवढं पुरेसं आहे.

केंद्राचं मुख्य काम मात्र योग्य दार दाखवण्याचं असावं. कौटुंबिक हिंसाचार, पोटगी, पगार थकणं, पोलिसांनी पकडणं, असल्या बाबतीत तुमच्या अनेक सभासदांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, आणि हे त्यांना माहीतच नसतं. स्त्रिया आणि मुलं, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. इथे एक कडू गोष्ट सांगावी लागते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता असल्यामुळे, ज्यांच्या आजापणजांनी अस्पृश्यतेचे चटके सोसले त्या तुमच्या सभासदांना अनुसूचित जातीचे म्हणून ही मदत मागता येत नाही. म्हणून अर्ज भरताना स्त्री, अपंगत्व किंवा उत्पन्न यातल्या लागू पडणाऱ्या रकान्यातून अर्ज करा. चुकीच्या रकान्यामुळे खरी पात्र असलेली बाई परत पाठवली गेली तर ती पुन्हा जात नाही. १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक हॉलच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. केंद्र सरकारच्या न्याय विभागाची ‘न्याय बंधू’ ही योजना २०१७पासून आहे, तीही फी न घेणाऱ्या वकिलांशीच गाठ घालून देते. विधी महाविद्यालयांनाही मदत केंद्र चालवावं लागतं. लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएसमध्ये विचारून बघा. विद्यार्थी कोर्टात उभे राहणार नाहीत, पण अर्ज लिहून देणं, कागद लावणं यात त्यांचा फार उपयोग होतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की या तिघांचे आभार उपासनेत मानावेत का. उपासनेत नको, दावा चालू असताना व्यासपीठावरून वकिलांचं कौतुक झालं की दुसऱ्या गटाला ते वकील ‘त्यांचे’ वाटायला लागतात. वार्षिक सभेत आभाराचा ठराव मांडा. तिघांची नावं, कोणतं काम विनाशुल्क केलं, हे इतिवृत्तात नोंदवा, आणि ठरावाची सही-शिक्क्याची एकेक प्रत त्यांच्या घरी पोचती करा. सीनियरांकडे जाताना त्या दोन हयात विश्वस्तांपैकी ज्यांना झेपेल त्यांना बरोबर न्या.